आसरांचे दोन आटे

"बावीस आटे आहेत ना या व्हॉल्व्हला?" मी विचारलं.

"व्हय म्याडम. बावीस."

"मग बंद करताना वीसच का फिरवलेत? मी मोजत होते."

कमरेएवढी लोखंडी चावी व्हॉल्व्हमन सदबा घडशीनं चेंबरमधून वर ओढली, भिंतीला टेकवली, आणि चेंबरच्या आत लावलेल्या कुंकवाला बोट लावून ते कपाळाला टेकवलं. सकाळचे सात वाजून गेले होते. साळी आळीचं पाणी सहाला सोडायचं आणि सातला बंद करायचं, हे त्याच आठवड्यापासून ठरलं होतं. बंद म्हणजे पूर्ण बंद, असं माझ्या आदेशात टाइप करून लिहिलेलं होतं.

"ऱ्हायलेले दोन आसरांचे हायेत," तो म्हणाला.

"कोणाचे?"

"साती आसरांचे. पान्याच्या देवी न्हाईत का त्या. त्यांच्या वाटचे दोन आटे सोडायचे असत्यात. वस्तादानं माझ्या हातात चावी दिली तवाच सांगितलं हुतं, सदबा, या खालच्या लाइनचे शेवटचे दोन तुझे न्हवं. तीस वर्सं झाली, म्या कदी मिटवले न्हाईत."

मला हसूही आलं आणि रागही. "अहो, आसरा विहिरीवर असतात, नदीच्या डोहात असतात. नगरपालिकेच्या व्हॉल्व्हवर कधीपासून राहायला आल्या?"

"पानी जितं, तितं त्या."

"आणि त्या दोन आट्यांतून आळीला दिवसभर पाणी ठिबकतं, त्याचं काय?"

"ठिबकतं की. कोनाचं काय जातंय?"

माझं जात होतं. पण ते त्याला कुठून कळणार?

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी पंचवीस वर्षांची, तळगिरी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता, नोकरीला सात महिने झालेले, अजून कायम व्हायची होते. गावात त्या खुर्चीवर बसलेली पहिलीच बाई. माझा स्वभाव तेव्हा नाकावर माशी बसू न देणारा होता. आजही तसाच आहे, पण आता निवृत्त माणसाच्या नाकावर बसायला माश्याही येत नाहीत.

त्याआधी गावाचं पाणी म्हणजे सगळा आनंद होता. कोणत्या आळीला कधी नळ येईल ते व्हॉल्व्हमनच्या मर्जीवर. मी नकाशे काढले, टाकीच्या उंच्या मोजल्या, आणि गावाचे सात भाग पाडले. प्रत्येक भागाला रोज ठरलेला एक तास. व्हॉल्व्हमनची दर पंधरवड्याला बदली, म्हणजे कोणाची कोणत्याच आळीशी सोयरीक जुळायला नको. कागदावर फार सुंदर दिसत होतं ते.

मुख्याधिकारी सबनीससाहेबांनी कागद पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"ओतारी, योजना चांगली आहे. पण तुमच्या आधीच्या इंजिनीयरनंही असंच काहीतरी केलं होतं. तीन दिवस गावाला पाणी नव्हतं. बायकांनी या टेबलावर मडकी फोडली. तो गेला गडचिरोलीला."

"माहीत आहे, सर."

"तेव्हा बदल करा, जरूर करा. पण एक दिवस, एका आळीचा, एक नळ चुकता कामा नये. जेवणाऱ्याला कळू न देता त्याच्यापुढचं ताट बदलायचंय तुम्हाला. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. 'नाही' म्हणायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि जमलंही. पहाटे पाचला मी स्कूटर काढायची, सातही भागांचे व्हॉल्व्ह पाहायची, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी टाकी. माझ्या टेबलामागच्या कॅलेंडरवर रोज एक लाल टिक करायची. आज सगळ्यांना पाणी मिळालं, टिक. तो लाल पेन मी दुसऱ्या कोणाला वापरू देत नसे.

या सगळ्यात एक गंमत होती. गावाला पाणी देणाऱ्या बाईच्या घरी पाणी भरायला कोणी नव्हतं. मी राहायची साळी आळीतच, दिवटेकाकूंच्या माडीवर. नळ यायचा तेव्हा मी गावभर हिंडत असायची. माझे दोन हंडे आणि एक बादली भरून ठेवायची काकूंची सून, उज्ज्वला.

उज्ज्वला माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बारीक अंगाची, बोलायला चुरचुरीत. तेव्हा तिला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण.

"ताई, तुमची म्हणजे कमाल आहे," ती जिन्यातून हंडा चढवत म्हणायची. "सोनाराच्या बायकोचे कान उघडे तसं तुमचं. सगळ्या गावाचे नळ तुमच्या हातात आणि तुमच्या घरात थेंब नाही."

"ठेव तो हंडा खाली. मी नेते वर."

"तुम्ही कधी नेणार? दुपारी? तोवर पाल पडेल त्यात."

मी ओरडायची, ती हसायची, आणि दुसऱ्या दिवशी हंडा पुन्हा माडीवर असायचा. काकूंचे गुडघे गेलेले. घरात अकरा हंडे, दोन पिंपं, आणि ते भरणारी ही एकटी. नवरा सुताच्या दुकानात सकाळी सहालाच जायचा. आठवा महिना लागला की तिनं माहेरी, टेंभुर्णीला जायचं ठरलेलं होतं.

आता माझं काय जात होतं ते सांगते. नव्या वेळा सुरू झाल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी नगरसेवक आप्पा थोरवे ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि सगळ्या क्लार्कना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्याडम, कडक शिस्त लावलीत म्हणे गावाला. आमच्या वरच्या पेठेत एका तासात भरलं तर भरलं. आणि साळी आळीत नळ दिवसभर ठिबकतोय. तिथं कोण राहतं हो?"

क्लार्क खाली मान घालून हसले.

"मी चौकशी करते," मी म्हटलं.

"करा, करा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं व्हायला नको."

माझे कान तापले. मी त्या आळीत राहते म्हणून सदबा तिथलं पाणी चालू ठेवतो, असं गाव बोलणार. सात महिने जिवाचं रान केलं ते याच्यासाठी? दुसऱ्या दिवशी सातला मी त्या चेंबरपाशी उभी राहिले, आटे मोजले, आणि मग ते आसरांचं प्रकरण निघालं.

"सदबा, ते दोन आटे मिटवा," मी म्हटलं.

"माझ्या हातानं न्हाई व्हायचं, म्याडम."

"लेखी आदेश आहे."

"आसंल. दुसरं काय बी सांगा. चेंबरमदी उतरून गाळ काडतो. पर ती लाइन कोरडी पाडाय सांगू नका. रिकामी लाइन वंगाळ."

"वंगाळ म्हणजे काय? सांगा ना. काय होतं रिकामी पडली तर?"

त्याला खरोखरच माहीत नव्हतं. साठीला आलेला माणूस, रापलेला, हाताला चावीचे घट्टे. तो माझ्याकडे असा पाहत होता की जणू मीच त्याला सांगायला हवं होतं.

"वस्ताद म्हनायचे, आसरा कोपत्यात," तो म्हणाला.

मी चावी उचलली. फार जड होती. चेंबरमध्ये घातली, व्हॉल्व्हच्या माथ्यावर बसवली, आणि दोन्ही हातांनी जोर लावून फिरवली. एक आटा. दुसरा आटा फार घट्ट गेला, तीस वर्षांत तो कोणी फिरवलाच नव्हता. शेवटी खाली काहीतरी टक्कन बसलं आणि चावी पुढे जाईना.

"झालं," मी म्हटलं. "कोपल्या का आसरा?"

सदबानं चावी माझ्या हातातून घेतली आणि चालू लागला.

त्याच दिवशी मी त्याची बदली नदीवरच्या जॅकवेलला, पंपाच्या विहिरीवर, केली. साळी आळीला दुसरा माणूस दिला, तो हुकमाप्रमाणे बावीसच्या बावीस फिरवायचा. आळीचं ठिबकणं थांबलं. आप्पा थोरव्यांना मी स्वतः नेऊन कोरडे नळ दाखवले. मोठा पराक्रम वाटला मला. संध्याकाळी उज्ज्वला म्हणाली, "ताई, दिवसभर जरा जरा यायचं त्याचा आधार होता हो. भांडी तरी घासून व्हायची." मी तिला सगळ्यांना सारखा न्याय यावर छोटंसं भाषण दिलं. तिनं ऐकून घेतलं.

दहाबारा दिवसांनी ती जिन्यात थांबली. हातात हंडा नव्हता, एक हात कमरेवर.

"ताई, पहिल्या हंड्याला वास येतो."

"कसला वास?"

"कसला म्हणून सांगू? गटारासारखा. मग जातो. दुसऱ्या हंड्याला नसतो."

"लाइन रिकामी होते ना आता, त्यामुळे येत असेल. गंजाचा असतो तो," मी बूट घालता घालता म्हटलं. "पहिला हंडा ओतून टाकत जा."

"ओतून?"

"हो, ओतून. आणि मी टाकीत पावडर वाढवायला सांगते."

मी सांगितलं. टाकीत ब्लीचिंग पावडर वाढली. माझ्या हिशेबी विषय संपला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सदबा ऑफिसात आला. दाराबाहेर चपला काढून आत आला, ते मला आवडत नसे, पण तो ऐकायचा नाही.

"म्याडम, साळी आळीतल्या बाया मला सांगत्यात. मी सकाळी जाऊन बघितलं. पानी सोडल्यावर पयली पाच मिन्टं काळसर येतंय."

"तुम्ही जॅकवेलला आहात ना?"

"हाय. ड्युटी संपल्यावर गेलतो. म्याडम, एक दिस लाइन बंद ठिवू या. रस्त्याच्या मोरीपासनं उकरून बघू. कुटंतरी सांदा सुटलाय."

"एक दिवस?"

"एकच. सकाळी उकरायचं, सांजच्याला बुजवायचं."

मी मागे वळून कॅलेंडरकडे पाहिलं. तेहतीस लाल टिका झाल्या होत्या. पंचवीस तारखेला कलेक्टरसाहेब योजना पाहायला येणार होते. सबनीससाहेब रोज विचारायचे, "ओतारी, चुकला नाही ना कुठे?" आणि मी रोज "नाही सर" म्हणायची. आळीला एक दिवस पाणी नाही म्हणजे दुसऱ्या दिवशी आप्पा थोरवे आणि त्यांच्यामागे बायका, मडकी घेऊन.

"पंचवीस तारखेनंतर बघू," मी म्हटलं.

"पंचवीस म्हंजी अजून अठरा-एकोनीस दिस, म्याडम."

"मला तारखा मोजता येतात, सदबा."

त्यानं हात जोडले, आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. मला राग आला होता तो त्याच्यावर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

उज्ज्वलाचं टेंभुर्णीला जाणं लांबलं होतं. आठवा महिना लागला तरी ती घरीच. मी विचारलं तर म्हणाली, "सासूबाईंच्या गुडघ्यांनी अकरा हंडे व्हायचे का? रामनवमी होऊ दे, नणंद येईल मदतीला, मग जाते." त्या दिवशी ती जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसून बोलत होती. जेवण जात नाही म्हणाली, मळमळतं म्हणाली. काकू आतून म्हणाल्या, "पहिलटकरणीला व्हायचंच." मीही मान डोलावली. मला कुठे काय कळत होतं? ऑफिसला उशीर होत होता.

अठरा तारखेला आळीत पहिली कावीळ सापडली, विठ्ठल साळ्याच्या मुलाला. वीस तारखेपर्यंत पाच झाल्या. एकवीसला सकाळी मी हंडा घ्यायला खाली गेले, तर हंडा रिकामा होता आणि उज्ज्वला ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"ताई, आज नाही हो भरलं," ती म्हणाली. "उठवेना."

तिला सोलापूरला सिव्हिलमध्ये नेलं. जीप मी नगरपालिकेची दिली. काकू तिच्याबरोबर गेल्या. जीप सुटताना उज्ज्वला मला म्हणाली, "तुमच्या बादलीत कालचं आहे थोडं."

तिथून मी तडक सबनीससाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साळी आळी बंद ठेवते आहे. आज. खणायचं आहे."

"ओतारी, कलेक्टर..."

"सर, मी विचारायला आले नाही."

जॅकवेलवरून सदबाला बोलावून घेतलं. चार मजूर, दोन टिकाव. आळीच्या खालच्या अंगाला, जिथे मोठं गटार मोरीखालून जातं, तिथे सदबानं पाय आपटून दाखवलं, "हितं." अकरा वाजेपर्यंत चार फूट खड्डा झाला आणि बिडाचा जुना पाइप दिसला. तो गटाराच्या पोटातून गेला होता. पन्नास वर्षांपूर्वी पाइप टाकला तेव्हा गटार नव्हतंच. नंतर गटार बांधणाऱ्यांनी तो तसाच आत घेतला. माझ्या सुंदर नकाशावर पाइप होता आणि गटार होतं, दोन वेगवेगळ्या कागदांवर. पाइपाच्या सांध्यातलं शिसं निघून गेलेलं होतं. बोट जाईल एवढी फट. वर गटाराचं काळं पाणी.

"सोडायला सांगा पाणी," मी म्हटलं.

वर चेंबरपाशी उभ्या असलेल्या माणसानं व्हॉल्व्ह उघडला. सांध्यातून स्वच्छ पाण्याची धार उडाली, माझ्या साडीवर आली.

"आता बंद करा. पूर्ण."

धार खाली आली. थांबली. मग आळीच्या खालच्या घरांत कोणाचा तरी नळ उघडा राहिला असेल, पाइप रिकामा होऊ लागला आणि त्या फटीतून आवाज यायला लागला, म्हातारं माणूस बशीतला चहा ओढतं तसा. गटाराचं पाणी सांध्याभोवती गोल फिरत आत जात होतं. थोडा लिंबाचा पाला वाहत आला आणि फटीला चिकटून बसला.

सदबा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. तोच वर वळून ओरडला, "ए, दोन आटे उगड!"

पाला सुटला. फटीतून पाणी बाहेर यायला लागलं, थेंब थेंब, बारीक, पण बाहेर. आणि गटाराचं पाणी आत जायचं थांबलं.

दोन आटे. लाइन भरलेली राहील एवढंच पाणी. त्याच्या वस्तादाला, किंवा त्या वस्तादाच्या वस्तादाला, कधीतरी हे दिसलं असणार. शिकलेला नसेल, समजावून सांगता आलं नसेल. किंवा सांगून कोणी ऐकणार नाही हे माहीत असेल. म्हणून त्यानं ते देवींच्या नावावर केलं, म्हणजे कोणी हात लावायचं नाही.

"मला तरी कुटं ठावं हुतं, म्याडम," सदबा म्हणाला. "मला वाटायचं आसराच पेत्यात त्ये पानी. खरंच वाटायचं. मला ठावं आसतं तर पाय धरलं आसतं तुमचं."

मला वाटलं, या माणसानं मला एक शिवी द्यावी. सगळ्या मजुरांदेखत द्यावी. पण तो डोळे पुसत होता.

उज्ज्वला चोवीस तारखेला गेली. बाळ आदल्या दिवशी पोटातच गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ही कावीळ बाकीच्यांना सोडते, पोटुशीला सोडत नाही. आळीत सगळे मिळून एकतीस जण आजारी पडले आणि तीस बरे झाले.

पंचवीसला कलेक्टर आलेच नाहीत. त्यांचा दौरा रद्द झाला.

सबनीससाहेबांनी अहवाल माझ्याकडूनच लिहून घेतला. समोर बसून. "कारण लिहा, पन्नास वर्षं जुनी जीर्ण वाहिनी. खरंच आहे ते."

"सर, व्हॉल्व्ह पूर्ण बंद केल्यामुळे..."

"वाहिनी जीर्ण नसती तर व्हॉल्व्ह बंद करून काही झालं असतं का?"

"नाही."

"मग? ओतारी, तुमची बाकीच्या सहा भागांतली योजना व्यवस्थित चालली आहे. पन्नास दिवसांत फक्त एक नळ चुकला. तुम्हाला नोकरीत पस्तीस वर्षं काढायची आहेत. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी लिहिलं. सही केली. जीर्ण वाहिनी. आणि खाली एक ओळ घातली, नवीन वाहिनी होईपर्यंत साळी आळीचा व्हॉल्व्ह दोन आटे उघडा ठेवावा. त्याला कारण दिलं नाही.

सदबाला मी परत साळी आळीला आणलं. निवृत्तीला त्याचे चार महिने राहिले होते. पहिल्याच सकाळी चेंबरपाशी तो म्हणाला, "म्याडम, त्या घरात सांगितलं का तुमी?"

"काय?"

तो खाली बघत चावी पुसत राहिला. मग म्हणाला, "आळीतल्या बाया मला इचारत्यात. मी न्हाई बोलत. माझ्या तोंडनं गेलं तर ती चुगली व्हईल. सांगायचं तर तुमीच सांगाय पायजे."

"सांगते," मी म्हटलं.

"सांगा. म्हातारी सारकी स्वतःलाच दोस देतीया."

मी तेरावा होईपर्यंत थांबले. रोज खाली उतरताना ठरवायची, आज. रोज काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या आणि मी स्कूटर काढायची. गावाला पाणी द्यायचंच होतं.

चौदाव्या दिवशी, रविवारी दुपारी, काकूंनीच मला हाक मारली. मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. त्यांनी पाय पसरलेले, गुडघ्यांना एरंडेलाची पानं बांधलेली. हंडे सगळे मोरीत पालथे घातले होते. आता पाणी उज्ज्वलाचा नवरा भरायचा, दोनच हंडे.

"वैजू," त्या म्हणाल्या, "तू तिला पहिला हंडा ओतून टाक म्हणाली होतीस ना?"

"हो काकू."

"तिनं कधी ओतला नाही गं. एका तासात अकरा भरायचे, एक टाकून कसं भागेल? मला म्हणाली, देवाला आणि तुम्हाला दुसरा, ताईला तिसरा. पहिला मी माझ्यासाठी ठेवते, गाळून घेते. मी म्हटलं, घे. मला वाटलं, नुसता वास तर आहे." त्यांनी पदर तोंडावर धरला. "मी घे म्हटलं गं. मी म्हणायला नको होतं ना?"

माझा हंडा तिसरा. मी दीड महिना ते पाणी पीत होते, मला साधा तापही आला नाही.

"काकू, तुमचा काय दोष त्यात?"

"मग कोणाचा?" त्यांनी पदर बाजूला केला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. रागानं नाही. खरोखर विचारत होत्या. "तू शिकलेली आहेस, पाण्याचं सगळं तुला कळतं. आळीत जो तो काही काही बोलतो. कोणी म्हणतं देवाचा कोप, कोणी म्हणतं तिच्या नशिबात होतं. सदबाला विचारलं तर तो नुसता रडतो. तू सांग मला. कशानं झालं? तू सांगशील ते मी खरं मानीन."

सांगायचे शब्द मी चौदा दिवस घोळवले होते. काकू, व्हॉल्व्ह मी बंद केला. माझ्या हातानं. सदबा नको म्हणत होता. नंतर तो म्हणाला एक दिवस बंद ठेवून उकरू या, तेव्हाही मी नाही म्हटलं. तेव्हा उकरलं असतं तर कदाचित. एवढंच तर होतं. पाच वाक्यं.

"लाइन जुनी होती, काकू," मी म्हटलं. "पन्नास वर्षांची. सांधा सुटला होता."

"एवढंच?"

"एवढंच."

हळूहळू काकूंचे खांदे खाली आले, ओझं उतरवल्यासारखे.

"म्हणजे कोणाचा दोष नाही," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

काकूंनी माझं डोकं जवळ ओढून घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रडू नकोस," म्हणाल्या, "तू तरी काय करणार होतीस?"